नव्या पद्धतीच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

पदार्थ आणि मसाले भारतीयच, पण शिजवण्याचे तंत्र, मांडणी आणि वाढण्याचा क्रम नेहमीच्या हॉटेलापेक्षा अगदी वेगळा, अशी रेस्टॉरंट्स गेल्या दीड दशकात आपल्याकडे चांगलीच रुजली आहेत. दिल्लीत २००९ मध्ये ‘इंडियन ॲक्सेंट’ सुरू झाले. मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात २०१५ मध्ये ‘द बॉम्बे कॅन्टीन’ आणि पुढच्याच वर्षी महालक्ष्मीला, तेही एका जुन्या गिरणीच्या जागेत, ‘मास्क’ उघडले. दुबईतल्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला २०२५ मध्ये मिशेलिनचे (रेस्टॉरंट्सना दर्जानुसार एक ते तीन तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे) तीन तारे मिळाले आणि हा मान मिळवणारे ते जगातले पहिले भारतीय रेस्टॉरंट ठरले. अशा ठिकाणी एखाद्या वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला जावे असे अनेकांना वाटते, परंतु तिथल्या रीतीची कल्पना नसल्यामुळे पैसे पुष्कळ जातात आणि जेवण मात्र मनात राहत नाही. थोडी तयारी केली तर हे टाळता येते.

पहिला प्रश्न मेन्यूच्या प्रकाराचा आहे. काही ठिकाणी कार्डावरून हवे ते मागवता येते, तर काही ठिकाणी केवळ ‘टेस्टिंग मेन्यू’ असतो, म्हणजे स्वयंपाकघराने ठरवलेले आठ-दहा छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने एकामागून एक येतात आणि जेवण अडीच ते तीन तास चालते. आपल्या ताटात डावी-उजवी बाजू, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात हे सगळे एकाच वेळी समोर असते आणि कोणता घास कशाबरोबर घ्यायचा हे जेवणारा ठरवतो. टेस्टिंग मेन्यूमध्ये तो अधिकार शेफकडे जातो. ज्यांना आठ वाजता जेवून दहाला झोपण्याची सवय आहे, किंवा ज्यांना वरणभात अथवा पोळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, अशा वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल तर पहिल्या खेपेला कार्डावरून मागवता येणारी जागाच निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि शनिवार-रविवारी तर बरेच दिवस आधी. अनेक ठिकाणी रात्रीच्या दोन पाळ्या असतात, पहिली साधारण सातची आणि दुसरी साडेनऊच्या सुमाराची. त्यामुळे पहिल्या पाळीला उशिरा पोहोचल्यास जेवण घाईत उरकावे लागते. आगाऊ रक्कम घेत असतील तर ती कोणत्या मुदतीपर्यंत परत मिळते हे तेव्हाच विचारून घ्यावे. तारीख ठरवण्यापूर्वी दिनदर्शिकेवरही एक नजर टाकावी. घरात संकष्टी धरणारे कोणी असेल तर चंद्रोदयानंतरच्या घरच्या मोदकांची सर या जेवणाला येणार नाही.

खाण्यापिण्याची बंधने मात्र जागा राखतानाच सांगावीत, टेबलावर बसल्यावर नव्हे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वडिलांच्या साठीनिमित्त आम्ही जेवायला गेलो, तेव्हा चातुर्मास चालू होता आणि आई कांदा-लसूण खात नव्हती; ते मी आधी कळवले नव्हते आणि तिच्यासाठी जेमतेम दोन पदार्थ निघू शकले. अशा स्वयंपाकघरांत रस्से, वाटणे आणि मुरवण आदल्या दिवसापासून तयार होत असते, त्यामुळे ऐन वेळी पदार्थातून कांदा काढून टाकणे शक्य नसते. दोन दिवस आधी सांगितले तर बहुतेक ठिकाणी जैन, शाकाहारी किंवा कांदा-लसूण नसलेले पदार्थ मनापासून करून देतात. शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, गहू किंवा कोळंबी यांपैकी कशाचे वावडे असेल तर तेही नेमके सांगावे, कारण नव्या मांडणीत एखादा घटक भुकटीच्या किंवा तेलाच्या रूपात येतो आणि डोळ्यांना ओळखू येत नाही.

मागवताना सर्वांत मोठी चूक होते ती प्रत्येकाने स्वतःसाठी एकेक पदार्थ मागवण्याची. कार्डावरचे पदार्थ बहुधा वाटून खाण्यासाठीच बेतलेले असतात. चार माणसांनी आरंभी तीन छोटे पदार्थ घ्यावेत, ते संपत आले की दोन मुख्य पदार्थ आणि त्यांच्याबरोबर भात किंवा रोटी घ्यावी, आणि भूक उरली तर पुन्हा कार्ड मागावे. प्रमाण लहान असते हे खरे, पण तूप, लोणी आणि साय सढळ हाताने वापरलेली असल्यामुळे पोट अपेक्षेपेक्षा लवकर भरते. पाणी विचारतील तेव्हा साधे फिल्टरचे पाणी निःसंकोचपणे मागावे. नुसती मान डोलावली तर बाटलीबंद पाणी येते आणि ते बिलात चढते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे चव कशी घ्यावी. पदार्थ समोर आला की वाढणाऱ्याला एवढेच विचारावे, की हा मुळात कुठला पदार्थ आहे आणि स्वयंपाकघराने त्यात काय बदलले. या एका प्रश्नाने जेवणाचा अर्थ बदलतो. ‘बॉम्बे कॅन्टीन’च्या प्रसिद्ध शेवपुरीत बटाट्याच्या जागी आंबटसर मुरवलेला कच्चा मासा असतो; ऐकायला ते विचित्र वाटते, पण कुरकुरीत पुरी, आंबट, तिखट आणि वरची शेव हा शेवपुरीचा सांगाडा जागेवर असल्यामुळे जीभ तिला लगेच ओळखते. बँकॉकच्या ‘गगन’ या भारतीय रेस्टॉरंटमध्ये दह्याची एक गोळी चमच्यात येत असे आणि तोंडात टाकताच फुटत असे. तिच्यामागचे तंत्र असे, की कॅल्शियम असलेला द्रव सोडियम अल्जिनेट या समुद्रशेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या द्रावणात सोडला की त्याच्याभोवती पातळ पापुद्रा धरतो आणि आतला द्रव तसाच राहतो. असा पदार्थ दोन घासांत वाटून खाता येत नाही, तो एकदम तोंडात घालायचा असतो. म्हणून कसे खायचे हे विचारण्यात संकोच नसावा.

अशा ठिकाणी पदार्थावर फेस दिसला की हे परदेशी खूळ आहे असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. जुन्या दिल्लीत हिवाळ्यात मिळणारी दौलत की चाट म्हणजे घुसळलेल्या दुधाचा निव्वळ फेसच आहे. लखनौला तिला मक्खन मलाई किंवा निमिष म्हणतात आणि बनारसला मलइयो. थंडीत रात्रभर गार ठेवलेले दूध पहाटे घुसळून वरचा फेस हलक्या हाताने उतरवणारे हलवाई हे तंत्र कितीतरी आधीपासून जाणतात. ‘इंडियन ॲक्सेंट’ने तीच दौलत की चाट आपल्या कार्डावर घेतली. त्यामुळे प्रश्न फेस असावा की नसावा हा नाही, तर त्याने चवीला काय दिले हा आहे. सोलकढीचा फेस करून त्यातला लसणीचा झणका आणि नारळाच्या दुधाचा दाटपणा हरवत असेल, तर तो पदार्थ फसला असे म्हणायला आपण घाबरू नये. उलट काश्मीरची गुच्छी नावाची रानअळंबी, नागालँडचे आंबवलेले सोयाबीन किंवा आपल्याच सह्याद्रीतली एखादी रानभाजी यांची चव ज्यांना एरवी कधी मिळाली नसती, त्यांना ती अशा ठिकाणी मिळते, आणि या रेस्टॉरंट्सचे मोठे देणे मला इथेच दिसते. हाताने खावेसे वाटले तर खुशाल खावे. रस्साभात काट्याने खाण्याचा आग्रह कुठेच धरला जात नाही.

बिल आले की ते शांतपणे वाचावे. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, तर ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो; जागा निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा. मद्य जीएसटीमध्ये येत नाही, त्यावर राज्याचा कर वेगळा दाखवतात. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. समजा जेवण ६,००० रुपयांचे झाले आणि त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तर ६,६०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी धरून बिल ६,९३० रुपये होते. तो काढायला लावल्यास ६,३०० रुपये. काढून द्यायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मी तो काढायला सांगतो आणि ज्याने मन लावून पदार्थ समजावून सांगितले, त्याच्या हातात स्वतः बक्षिसी ठेवतो.

निघण्यापूर्वी स्वयंपाकघराला आपले मत कळवावे, आणि ते केवळ ‘छान होते’ एवढेच नसावे. अलीकडे एका ठिकाणी बांगड्याच्या रश्शात तिरफळाचा कडवटपणा उतरला होता. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, वरची साले नुसती ठेचायची आणि वाटणात न वाटता रश्शात सोडायची, हे आईने वाढणाऱ्या मुलाला सांगितले. तो आत गेला आणि थोड्या वेळाने शेफ स्वतः वही घेऊन आमच्या टेबलाशी आले. पुढची दहा मिनिटे आई सांगत होती आणि ते लिहून घेत होते.