कॅथलिक कम्युनिटी रेडिओ सुरू करताय? या चुका टाळा

मुंबईतल्या एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहात, रेडिओचा विषय निघाला की आधी चर्चा होते माइक कोणता घ्यायचा याची आणि मग केंद्राचं नाव काय ठेवायचं याची. ऐकणार कोण, हा प्रश्न उद्घाटनाची पत्रिका छापून झाल्यावर कोणाला तरी सुचतो. पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

उत्साह समजण्यासारखा आहे. चर्च आणि रेडिओ यांचं नातं जुनं आहे. व्हॅटिकन रेडिओ खुद्द रेडिओचे जनक मार्कोनींनी उभारला आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी तो सुरू झाला. इटलीतल्या एर्बा इथे १९८३ साली एका पॅरिशपुरतं लहानसं केंद्र निघालं, त्याचा पुढे जगभर पसरलेला ‘रेडिओ मारिया’ झाला. दिवसभर प्रार्थना, जाहिरात एकही नाही, खर्च श्रोत्यांच्या देणग्यांवर. हे ऐकून आपल्याकडेही कोणी म्हणतं, असंच केंद्र मालाडला किंवा मरोळला एफएमवर काढू. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारीही तीच.

परवाना कोणासाठी, हे न वाचणं

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची, म्हणजे लहानशा परिसरापुरत्या ना-नफा एफएम केंद्राची, वाट मोकळी झाली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं केंद्र लागलं. नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करता येऊ लागला. संस्था ना-नफा तत्त्वावर चालणारी, नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षं त्या भागात काम केलेली हवी. राजकीय पक्षाला किंवा एकट्या व्यक्तीला हा परवाना मिळत नाही.

यात जपून वाचायची गोष्ट अशी की परवाना एका ठरावीक परिसरातल्या लोकांसाठी दिला जातो. स्टुडिओ आणि ट्रान्समीटर त्याच परिसरात हवेत, निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत, आणि केंद्राच्या कारभारात त्या लोकांचं प्रतिबिंब दिसायला हवं. धार्मिक कार्यक्रमांबाबत धोरण स्पष्ट सांगतं: कोणाच्या धार्मिक भावनांचा गैरफायदा नको आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का नको.

आता मालाडच्या ओरलेमला अँटेना उभी केल्याची कल्पना करा. शंभर वॉटची प्रभावी शक्ती आणि तीस मीटरपर्यंतची उंची एवढ्यात मोकळ्या जागी साधारण सहा ते दहा किलोमीटर आवाज जातो, टॉवरांच्या दाटीत त्याहून कमी. तेवढ्या टापूत पॅरिशची कुटुंबं आहेतच, पण मालवणीची वस्ती आहे, मढ-मार्वेचे कोळी आहेत, रिक्षावाले आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत. परवाना या सगळ्यांसाठी आहे. अर्जात कॅथलिकांची सोय हेच कारण लिहिलं तर अर्ज कमकुवत होतो. आणि अर्जात सगळे असून हवेत फक्त रोझरी (जपमाळेची प्रार्थना) वाजली, तर केंद्र लोकांच्या कानातून उतरतं.

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. वायनाडमधलं ‘रेडिओ मात्तोली’ मानंतवाडी धर्मप्रांताच्या वायनाड सोशल सर्व्हिस सोसायटीने २००९ साली सुरू केलं. शेतकरी आणि आदिवासी हे त्याचे श्रोते. मंगळुरूच्या सेंट अलोयसियस शिक्षणसंस्थेचं ‘रेडिओ सारंग’ कोकणी, तुळू, कन्नड आणि ब्यारी अशा भाषांत बोलतं. दोन्हींच्या पाठीशी चर्चच्या संस्था आहेत, पण माइक परिसराच्या हातात आहे. मला हीच कॅथलिक वृत्ती वाटते. आपल्या शाळा आणि दवाखाने असेच सगळ्यांसाठी उघडे राहिले, म्हणून टिकले.

मग मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), जपमाळ, माहीमची बुधवारची नोव्हेना प्रार्थना यांचं काय करायचं? त्यांच्यासाठी इंटरनेट आहे. ऑनलाइन प्रवाहाला एफएमचा परवाना लागत नाही, आणि कॅनडातली मुलगी वांद्र्याच्या आईसोबत एकाच वेळी जपमाळ म्हणू शकते. ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला तीस एमबीसुद्धा डेटा खात नाही. आशियातल्या श्रोत्यांसाठीच्या ‘रेडिओ व्हेरितास एशिया’ या कॅथलिक केंद्रानेही २०१८ साली शॉर्टवेव्ह बंद करून आपलं सगळं काम इंटरनेटवर नेलं. एफएम परिसरासाठी आणि ऑनलाइन प्रवाह भाविकांसाठी, ही वाटणी पहिल्याच बैठकीत करा. ती नंतर करायला गेलं की माणसं दुखावतात.

प्रमाण मराठीचा हट्ट, किंवा मराठीच नसणं

मुंबईच्या बऱ्याच पॅरिशमध्ये कारभार इंग्रजीत चालतो, म्हणून रेडिओही इंग्रजीत निघतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला ऐकायला हजार गोष्टी आहेत. गोराई-मनोरीच्या गावठाणातल्या आजीला तिच्या बोलीत बोलणारं एकही केंद्र नाही.

ईस्ट इंडियन समाज हा या बेटांवरचा मूळचा मराठी बोलणारा कॅथलिक समाज. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि हे नाव रूढ झालं, पण घरातली बोली त्याच्या कितीतरी आधीची आहे. लग्नातल्या उंबराच्या पाण्याची गाणी, ऑक्टोबरातला आगेरा हा सुगीचा सण, पहिल्या कणसांचा आशीर्वाद, शेतं गेली तरी चालू राहिलेली ती मिरवणूक हे सगळं ज्यांना तोंडपाठ आहे त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. आणि आपले उत्साही निवेदक त्यांना माइकसमोर बसवून म्हणतात, “आजी, जरा शुद्ध बोला ना.”

असं कधीही करू नका. आजी जशी बोलते तसंच ध्वनिमुद्रण करा. कठीण शब्द निवेदकाने मागाहून समजावून सांगावा. गाणं अर्ध्यावर विसरली तर थांबा. शेजारची कोणीतरी पुढची ओळ उचलते, आणि तो क्षण कापून टाकायचा नसतो. मूळ फाइल कमी दर्जाच्या एमपी-थ्रीत न ठेवता वेव्ह (WAV) या पूर्ण दर्जाच्या स्वरूपात ठेवा, दोन वेगळ्या जागी. गाणारीचं नाव, गाव, तारीख आणि तिची परवानगी फाइलसोबत लिहून ठेवा. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

तमिळ, मल्याळी, कोकणी आणि हिंदी बोलणाऱ्यांना मात्र आठवड्यातला एकेक तास वाटून देणं पुरत नाही. आजच्या विषयावर दोन भाषांतली माणसं एकत्र बोलवा. पाणी येण्याची वेळ सगळ्यांनाच हवी असते.

विषय कुठून आणायचे, असं विचारणाऱ्यांनी वसईकडे बघावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं. ते चर्चचं मासिक होतं, पण त्यात वसईचं हिरवेपण, पाणी आणि साहित्य हे विषय आले आणि ख्रिस्ती नसलेले वाचकही जोडले गेले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. रेडिओवर हेच करायचं: दहावीनंतरचे प्रवेश, क्षयरोगाचे उपचार अर्ध्यावर न सोडणं, गावठाणातल्या घराचं मालमत्ता पत्रक, होड्या समुद्रात जाण्याआधीचं हवामान. असे विषय संपत नाहीत.

प्रार्थनेच्या विनंत्या जशाच्या तशा वाचणं

हे अगदी चांगल्या हेतूने होतं, म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर विनंती येते, निवेदक प्रेमाने वाचून दाखवतो: अमुक बिल्डिंगमधल्या तमुक बाईंच्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करूया. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं. त्या बाईने देवाला सांगितलं होतं, शेजाऱ्यांना नाही.

नियम लिहून भिंतीवर लावा. प्रसारणात आडनाव, पत्ता, आजाराचं नाव, लग्नाची भांडणं, पोलीस केस यांतलं काहीही जाणार नाही. ‘आपल्यातल्या एका आईसाठी’ एवढं पुरतं. मुलांचा आवाज पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नको. फोनवरून थेट बोलणाऱ्यांसाठी काही सेकंदांचा विलंब ठेवा, म्हणजे कोणाचं नाव घेऊन आरोप झालाच तर तो हवेत जाण्याआधी थांबवता येतो.

सगळं फादरांवर सोडणं

फादरांची बदली होते. हे सगळ्यांना माहीत असूनही केंद्र त्यांच्याच भोवती उभं राहतं: देणगीदार त्यांच्या ओळखीचे, पासवर्ड त्यांच्या वहीत, सकाळचं चिंतन त्यांच्या आवाजात. नवे फादर येतात, त्यांची आवड तरुणांच्या गटात किंवा चर्चच्या दुरुस्तीत असते, आणि वर्षभरात स्टुडिओत जुन्या खुर्च्या रचल्या जातात.

तसंच त्या एका हुशार मुलाचंही. संपादन तोच करतो, ट्रान्समीटर तोच लावतो, आणि एक दिवस त्याला दुबईचा व्हिसा मिळतो.

म्हणून समिती पहिल्या दिवसापासून लेइटीच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांच्या, हाती असू द्या. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार सल्लागार व मजकूर समितीत निम्म्या तरी स्त्रिया असायला हव्यात. मुंबईच्या पॅरिशमध्ये खरं काम कोण करतं ते पाहता हे अवघड जाऊ नये. प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवा, एक करणारा आणि एक शिकणारा. पासवर्ड, परवान्याची कागदपत्रं आणि उपकरणांच्या पावत्या संस्थेच्या कपाटात. प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे, ती जबाबदारीही नावानिशी लिहून द्या.

आणि चोवीस तासांची घाई करू नका. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी लागणारा एक तास माणसं लक्षात ठेवतात. बावीस तास यंत्रावर फिरणारी गाणी कोणी लक्षात ठेवत नाही.

परदेशातला पैसा आणि बातम्या

याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. परदेशी योगदानावरच्या २०१० च्या कायद्यानुसार ध्वनिबातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देणाऱ्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. म्हणजे आपल्या संस्थेची दवाखान्यासाठी घेतलेली परदेशी देणगीची नोंदणी असेल आणि त्याच संस्थेने रेडिओवर बातम्या सुरू केल्या, तर अडचण दवाखान्याचीही होऊ शकते. आखातात काम करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी धरले जात नाहीत. पण कॅनडाचं किंवा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्या भावाचे पैसे परदेशी ठरतात, मग त्याचं बालपण खोताच्या वाडीत गेलेलं का असेना. चेक घेण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा, त्यात संकोच नको.

तसंही कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; आकाशवाणीच्या बातम्या तशाच किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षा, नोकऱ्या, पाणी-वीज यांच्या सूचना चालतात. जाहिरातींना आता तासाला बारा मिनिटांपर्यंत मुभा आहे. कोपऱ्यावरची बेकरी, कोचिंग क्लास, केटरर यांच्याकडे जा. लहान पण दर महिन्याला येणारी रक्कम वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा जास्त कामाची.

“भजन आहे, त्याला कसला हक्क?”

हक्क असतो. धार्मिक विधीत गाणं म्हणायला कायद्याने सूट आहे, प्रसारण ही वेगळी गोष्ट. गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. इंटरनेट केंद्राला तर आणखी जपावं लागतं: प्रसारकांसाठी कायद्यात असलेला वैधानिक परवाना (ठरलेलं शुल्क भरून, हक्कदाराची वेगळी परवानगी न घेता गाणी वाजवण्याची मुभा) ऑनलाइन सेवांना लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्यामुळे आपल्याच कॉयरकडून (चर्चच्या गायकवृंदाकडून) जुन्या, हक्कमुक्त रचना गाऊन घेणं, किंवा परिसरातल्या गीतकाराकडून लेखी परवानगी घेणं हा सोपा मार्ग. बायबलच्या अलीकडच्या भाषांतरांनाही हेच लागू.

आवाज खराब येतोय?

आवाज विहिरीतून आल्यासारखा येत असेल तर पॅरिश हॉलची फरशी आणि उघड्या भिंती तपासा. अंड्यांचे ट्रे लावू नका: बाहेरचा आवाज त्यांनी अडत नाही आणि आगीचा धोका मात्र वाढतो. जाड गोधड्या, पुस्तकांचं कपाट, सतरंजी यांनी जास्त फरक पडतो. अशा खोलीत महागडा कंडेन्सर माइक पंखा, लोकल आणि विमान सगळं टिपतो. साधा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर धरला की काम होतं.

सतत बारीक गुणगुण ऐकू येत असेल तर अर्थिंग पाहा. मिक्सर आणि संगणक एकाच बोर्डावर घेऊन बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबते.

पावसात आवाज अचानक क्षीण झाला, ट्रान्समीटर आपोआप शक्ती कमी करू लागला आणि रिफ्लेक्टेड पॉवरचा (अँटेनातून बाहेर न जाता ट्रान्समीटरकडे परतणाऱ्या शक्तीचा) काटा वर दिसला, तर ट्रान्समीटर उघडू नका. आधी केबलची टोकं बघा. उत्तन, गोराई, वांद्रे इथल्या खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात आणि फटीतून केबलमध्ये पाणी शिरतं. पाणी शिरलेली केबल वाळवून पुन्हा वापरता येत नाही, बदलावीच लागते. दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, माहीतगार माणूस वर चढवून जोडण्या साफ करून घ्या, त्यांवर जलरोधक टेप गुंडाळा, आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाची तार जमिनीपर्यंत सलग आहे ना ते पाहा, आणि त्या दिवशीचं रिफ्लेक्टेड पॉवरचं वाचन वहीत लिहून ठेवा. जुलैत बिघाड झाला की तुलना करायला तेच वाचन लागेल.