रस्ता रुंद करताना, पूल बदलताना: पुरातत्त्वीय पाहणीतल्या या चुका टाळा

‘इथे आधीच रस्ता आहे, जमीन कधीच उकरून झाली, आता काय सापडणार?’ रुंदीकरणाच्या कामात सर्वाधिक नुकसान या समजुतीमुळे होते. जुना रस्ता अनेकदा खणून नव्हे, तर भराव टाकून केलेला असतो आणि त्या भरावाखाली मूळ जमीन शाबूत राहते. शिवाय माणसांच्या वाटा सहसा जागा सोडत नाहीत. इंग्लंडमधला ‘ए वन’ महामार्ग काही भागात रोमन रस्त्याच्याच मार्गाने जातो. याच महामार्गावरच्या कॅटरिक गावाला १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाह्यवळण काढले, ते थेट रोमन वसाहतीतून गेले. त्या वेळी उत्खननही झाले होते. तरीही २०१४ नंतर या रस्त्याचे मोटरवेत, म्हणजे द्रुतगती मार्गात, रूपांतर होताना तिथे पुन्हा भरपूर रोमन अवशेष मिळाले. उत्तरेला स्कॉच कॉर्नरजवळ तर लोहयुगीन वस्ती उघडी पडली.

तेव्हा जुने बांधकाम नकाशे काढा आणि भराव कुठे, कटिंग (जमीन कापून केलेला भाग) कुठे ते पाहा. पायासाठी घेतलेल्या बोअरमधले मातीचे नमुने फेकण्याआधी पुरातत्त्वज्ञाला दाखवा. नव्याने काही न खोदता खालचे थर समजतात.

पुलापाशी चूक होते ती खोलीची. नदीकाठी दर पुराबरोबर गाळ साचतो. जुनी वस्ती दोन-तीन मीटर खालीही असू शकते. तिथे हातभर खोल खड्डे घेऊन ‘काही नाही’ असा अहवाल देणे म्हणजे पाहणी न करण्यासारखेच आहे. पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली, पोकलेनला बिनदाती बकेट लावून, एकेक थर उतरवत खोल चर घ्यावा लागतो. नदीचे पात्रही वगळू नका. पूल होण्याआधी तिथे बहुधा नदी पायी ओलांडायचा उतार असतो, किंवा आधीच्या एखाद्या पुलाचे लाकडी खुंट असू शकतात. इंग्लंडमधल्याच पिअर्सब्रिज गावी टीस नदीच्या तळातून डायव्हर्सनी हजारो रोमन वस्तू काढल्या आहेत. पाण्यातले जुने लाकूड वर काढून उन्हात ठेवले की तडकते. ते ओलेच ठेवा.

यंत्रांचा कौल डोळे झाकून मानू नका. लोखंडी क्रॅश बॅरियर, गाड्या आणि पुरलेल्या पाइपांजवळ जमिनीतले चुंबकीय फरक टिपणारा मॅग्नेटोमीटर गोंधळतो. ओल्या चिकणमातीत जमिनीत सोडलेले रडारचे तरंग खोलवर पोहोचत नाहीत.

पाहणीची हद्द आखताना तात्पुरता वळणरस्ता, क्रेनची जागा, केबल-पाइप हलवण्याचे चर आणि माती उचलायची ठिकाणे हमखास सुटतात. मुख्य रस्त्याची पाहणी चोख होते आणि अवशेष मात्र भरावाची माती आणली त्या शेतात नष्ट होतात. हे फार वाईट वाटते, कारण हद्दीची रेघ थोडी मोठी काढली असती तर ते टळले असते.

पाहणी कंत्राट दिल्यावर सुरू करू नका. आराखड्याच्या टप्प्यावर पुलाचा खांब चार मीटर सरकवता येतो, नंतर तेच फार महाग पडते.

आणि इतके करूनही काम चालू असताना हाड, भिंत किंवा राखेचा थर दिसलाच, तर पोकलेन तिथेच थांबवा. वस्तू उपसू नका, कारण ती कोणत्या थरात होती हीच खरी माहिती असते. मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागा दोरीने अडवा. माणसाचे हाड वाटले तर पोलिसांनाही कळवा. कोणाला फोन करायचा हे मात्र पहिल्या दिवशीच ऑपरेटरला सांगून ठेवा. खड्ड्यात काय आहे ते सगळ्यांत आधी त्यालाच दिसते.