व्हायब्रेशन प्लेट : रक्त खेळतं, मग दम का वाढत नाही? या चुका टाळा

व्हायब्रेशन प्लेटवरून, म्हणजे व्यायामासाठी उभं राहायच्या कंप पावणाऱ्या फळीवरून, उतरलं की पाय गरम झालेले असतात, पोटऱ्यांना खाज सुटते, त्वचा लालसर दिसते. ‘पायांत रक्त खेळायला लागलं’ असं आपण म्हणतो आणि ते खरंही असतं. पण त्यावरून ‘आता दम (स्टॅमिना) वाढणार’ असं गृहीत धरलं की घोटाळा होतो. बाकीच्या बऱ्याच चुका या एका समजुतीतून निघतात.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० निरोगी माणसांना २६ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला २६ कंपनांवर) ९ मिनिटं प्लेटवर उभं केलं होतं. गुडघ्यामागच्या धमनीतला रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला ६.५ सेंटिमीटरवरून १३ वर गेला, म्हणजे थेट दुप्पट झाला. प्लेट हलते तसा स्नायू प्रत्येक धक्क्याला किंचित ताणला जातो, त्याच्या आतले संवेदक मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू आपोआप आकुंचन पावतो. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा हे चालतं. काम करणाऱ्या स्नायूला प्राणवायू लागतो, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात.

प्लेट थांबली की हा परिणाम लवकरच ओसरतो. दम वाढायला हृदयाने दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला हवं, स्नायूंत नव्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) तयार व्हायला हव्यात, आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे प्राणवायूची मोठी मागणी लावून धरावी लागते. प्लेटवर ती मागणी फार चढत नाही. जास्तीचं वजन घेऊन, अगदी थकेपर्यंत कंपनावर बैठका मारल्या तरी प्राणवायूचा वापर कमाल क्षमतेच्या साधारण निम्म्यावरच राहतो, असं २००० सालच्या एका प्रयोगात दिसलं. म्हणून धावणं, सायकल, पोहणं बंद करून त्या जागी प्लेट आणणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. तिला वॉर्मअपची किंवा पायांच्या ताकदीच्या व्यायामाची जागा द्या.

गुडघे ताठ, नाहीतर स्क्वॉट गोठलेला

डोकं दुखतंय, नजर धूसर होतेय, दात वाजताहेत? बहुतेक वेळा गुडघे ताठ असतात. मग धक्का मांड्यांत न जिरता मणक्यातून थेट डोक्यापर्यंत पोचतो. गुडघे नीट दिसतील इतके वाकवा आणि भार थोडा चवड्यांकडे घ्या, म्हणजे पोटऱ्याही धक्का शोषतात.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे खोल स्क्वॉटमध्ये मिनिटभर पुतळ्यासारखं थिजून राहणं. जोराने आवळून धरलेला स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. मांडी पेटल्यासारखी होते, म्हणून व्यायाम छान झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढा वेळ तिथला प्रवाह अडलेला असतो. रक्त खेळतं ठेवायचं असेल तर दोन-तीन सेकंदांत खाली, तेवढ्याच वेळात वर, अशी हालचाल चालू ठेवा.

आकडा वाढवला, हिशेब केला नाही

फ्रिक्वेन्सी (हर्ट्झचा आकडा) दुप्पट केली की धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो. प्लेट मध्यापासून २ मिलिमीटर हलत असेल तर २० हर्ट्झला ती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३ पट प्रवेग देते आणि ४० हर्ट्झला जवळजवळ १३ पट. (यंत्रावर लिहिलेले मिलिमीटर मध्यापासूनचे आहेत की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे, हे बघून घ्या. दुसरं असेल तर हिशेबात निम्मेच धरा.) सी-सॉसारख्या डावी-उजवीकडे झुलणाऱ्या प्लेटवर पाय जितके फाकवाल तितका धक्का मोठा, त्यामुळे एकच सेटिंग कालपेक्षा आज जड वाटलं तर आधी पावलांची जागा तपासा.

‘हळू म्हणजे सुरक्षित’ हेही खरं नाही. धड आणि पोटातले अवयव साधारण ४ ते ८ हर्ट्झला स्वतःच जोरात हलू लागतात. म्हणून सुरुवात २० हर्ट्झच्या थोडं वर करावी, पण प्लेटची हालचाल (मिलिमीटर) मात्र लहान ठेवावी.

सलग पंधरा मिनिटं

३० ते ६० सेकंदांचा सेट आणि तेवढीच विश्रांती, सुरुवातीला असे पाच-सहा सेट पुरे. वर्षानुवर्षं हादरणारी अवजारं धरणाऱ्या कामगारांची बोटं पांढरी पडतात, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आवळायला लागतात. रक्त आणणारं कंपन प्रमाणाबाहेर गेलं तर रक्त तोडूही शकतं. खाज थोड्या वेळात गेली तर काळजी नको. गांधी उठल्या किंवा बधिरपणा टिकून राहिला तर थांबा.

फरक पडतोय की नाही हे पायांच्या ऊबेवरून ठरवू नका. दर दोन आठवड्यांनी तेच अंतर त्याच वेगाने धावा आणि नाडी मोजा; ती कमी होत गेली तर दम वाढतोय.

गरोदरपण, पेसमेकर, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, मूतखडा, पित्ताचे खडे, फिट्स, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लेटवर पाय ठेवू नका. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर ‘रक्ताभिसरण सुधारेल’ म्हणून प्लेटकडे जाऊच नका. ती शिरेत झालेली गुठळी असू शकते आणि हादऱ्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका पत्करण्यासारखा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.