मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी स्पार्क का येत नाही? इग्निशन वायरिंग तपासताना या चुका टाळा

डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) आणि एकच इग्निशन कॉइल (१२ व्होल्टपासून स्पार्कसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी) असलेली गाडी, उदाहरणार्थ पद्मिनी किंवा पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर, सुरू होत नसली की बहुतेक जण चावी ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला मीटर लावतात, १२ च्या आसपास आकडा दिसला की वायरिंग ठीक असल्याचे ठरवतात आणि नवी कॉइल विकत आणतात. पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते याच चुकीमुळे.

डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असल्याने त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट जातो, आणि एवढ्याशा करंटला इग्निशन स्विचमधला जळका कॉन्टॅक्ट किंवा वायरीतला शिल्लक राहिलेला एकच तंतूही पुरतो. पॉइंट उघडे असताना घेतलेल्या मापाचेही तसेच आहे, कारण तेव्हा कॉइलमधून करंट वाहतच नसतो. कॉइल ३ ओहमची असेल आणि वाटेत कुठे ०.५ ओहमचा खराब जोड असेल, तर करंट सुरू होताच तो जोड सुमारे पावणेदोन व्होल्ट खातो आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा जवळपास चौथ्या हिश्शाने घटते.

म्हणून माप करंट वाहत असतानाच घ्यावे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, कारण क्लॅम्पखालचा गंजही मोजला गेला पाहिजे) आणि काळा प्रोब कॉइलच्या पॉझिटिव्हवर धरावा, चावी ऑन करावी आणि कॉइलचे निगेटिव्ह टर्मिनल एका वायरीने काही सेकंद बॉडीला टेकवावे. ही युक्ती फक्त पॉइंटच्या गाडीसाठी आहे. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल तर कॉइलच्या पॉझिटिव्हची वायर काढून ती आणि बॉडी यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. आकडा ०.५ च्या आत असेल तर चिंता नाही. तो १ च्या पुढे गेला, तर काळा प्रोब कॉइलकडून बॅटरीच्या दिशेने एकेक टप्पा मागे आणावा: कपलर, स्विचचे आउटपुट, स्विचचे इनपुट, फ्यूज. आउटपुटला १.६ आणि इनपुटला ०.१ दिसत असेल, तर दोष स्विचच्या आतच आहे आणि पुढची वायरिंग उकलण्याचे कारण नाही. गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारे व्होल्टेज मुद्दाम कमी करणारा रेझिस्टर) असेल तर हे माप त्याच्या अलीकडेपर्यंतच घ्यावे. त्याच्या पलीकडे, पॉइंट मिटलेले असताना, कॉइलवर ६ ते ९ व्होल्ट मिळणे हा दोष नव्हे.

हीच तपासणी सेल्फ मारतानाही करावी. सेल्फ फिरत असताना रेडिओ बंद पडणे स्वाभाविक आहे, पण कॉइलचा पुरवठा तुटता कामा नये. चावी सोडण्याच्या क्षणी इंजिन एकदा धरल्यासारखे करत असेल, तर स्विचच्या स्टार्ट स्थितीतल्या इग्निशन कॉन्टॅक्टवर पहिला संशय घ्यावा. अर्थात, सेल्फ मारताना बॅटरीच साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी पाहावी.

ओहमच्या मापात चुका वेगळ्या होतात. पुरवठा चालू असताना ओहम मोजल्यास आकडा निरर्थक येतो आणि मीटरही बिघडू शकतो. कंटिन्युइटीचा बीप अनेक मीटरवर ३० ओहमलासुद्धा वाजतो, त्यामुळे तो फक्त वायर पूर्ण तुटलेली नाही एवढेच सांगतो. कॉइलच्या प्रायमरीसारखे (१२ व्होल्टच्या बाजूच्या वेटोळ्यासारखे) लहान माप घेताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा करावा. प्लग वायरींचा रेझिस्टन्स मोजता येतो, पण पावसाळ्यात त्यांच्या आवरणातून होणारी गळती मीटरला दिसत नाही. ती अंधारात बॉनेट उघडल्यावर डोळ्यांना दिसते. इंजिन फिरत असताना हाय टेन्शनच्या (हजारो व्होल्टच्या, प्लग वायरींच्या) बाजूला मीटर कदापि लावू नये. लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात विसरून व्होल्टेज मोजणे म्हणजे मीटरमधूनच बॅटरी शॉर्ट करणे होय.

प्रोब वायरीच्या आवरणात खुपसू नये. तेवढ्या भोकातून पाणी शिरते आणि तांबे आतल्या आत हिरवे पडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवावी; पुढून जाड प्रोब कोंबला की टर्मिनल सैल होते आणि जुना दोष शोधताना नवा तयार होतो. एअरबॅगच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरना मीटर लावायचाच नाही.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या नव्या गाड्यांत इग्नायटर (करंट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बऱ्याचदा कॉइलच्या आतच असतो, त्यामुळे तिथे प्रायमरीचा ओहम मोजून काहीच ठरवता येत नाही. अशा कॉइलवर पुरवठा आणि अर्थिंग (बॉडीकडचा निगेटिव्ह जोड) वर सांगितल्याप्रमाणे लोड देऊन तपासावेत. कंट्रोल युनिटकडून येणारे सिग्नल मात्र इतके क्षणिक असतात की साधा मीटर त्यांची केवळ सरासरी दाखवतो, आणि त्यासाठी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारे यंत्र) लागतो.