बेदाण्याचं ग्रेडिंग-पॅकिंग युनिट टाकायचंय? अनुदानाची फाईल अशी लावा

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत या पट्ट्यात बेदाणा करणारे घरोघरी आहेत पण तो धुऊन, काडी काढून, ग्रेड करून, चांगल्या पॅकिंगमध्ये स्वतः विकणारे मोजकेच. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तरी बहुतेक माल अजून 15 किलोच्या बॉक्समध्ये सौद्याला जातो आणि पुढचा पैसा दुसराच कमावतो. हे बदलावं असं मनापासून वाटतं म्हणून हे सविस्तर लिहितोय. साताऱ्याकडचं आलं, हळद, स्ट्रॉबेरी असेल तरी रस्ता जवळपास हाच आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. अनुदान म्हणजे हातात येणारी रोख नाही, ते कर्जाला जोडलेलं असतं. आधी बँक कर्ज मंजूर करणार, मशीन बसणार, मग अनुदान. ज्याची बँकेची बाजू कच्ची त्याचं अनुदानही कच्चं. म्हणून योजनेचा फॉर्म भरायच्या आधी सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) काढून बघा, सोसायटीचं पीककर्ज थकलंय का, कुणाला जामीन राहिलाय आणि तो थकलाय का, हे सगळं आधी मिटवा.

एकट्याने करायचं असेल तर सगळ्यात सोपी योजना म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात. 2020 मध्ये सुरू झाली, केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असा पैसा येतो. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. एका घरातून एकालाच. ही योजना 2025-26 पर्यंत वाढवलेली होती, त्यामुळे अर्जाची सध्याची मुदत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात किंवा तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या आणि मगच पुढं पळा.

आता आकडे बघा कारण खरी गंमत इथंच आहे. समजा 20 लाखांचा प्रकल्प, त्यात वॉशिंग, काडी काढायचं, ग्रेडिंगचं आणि पॅकिंगचं मशीन मिळून 14 लाख आणि शेडचं बांधकाम 6 लाख. बांधकाम 30 टक्क्यांच्या वर धरत नाहीत, म्हणजे इथं 6 लाख ही हद्दच झाली, मोठं शेड बांधायची हौस असेल तर ते स्वतःच्या पैशातून. जागेची किंमत तर धरतच नाहीत. तुमचे किमान 10 टक्के म्हणजे 2 लाख, बँकेचे 18 लाख, आणि अनुदान 7 लाख. हे 7 लाख मात्र बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतात, कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून 3 वर्षं युनिट चालू पाहिजे आणि खातं एनपीएत म्हणजे थकीत कर्जात जायला नको, तेव्हाच ते कर्जात वळते होतात. त्या रकमेवरचं व्याज कसं धरणार ते बँकेकडून मंजुरीच्या पत्रात लिहूनच घ्या, तोंडी नको.

आणि यात माल घ्यायला एक रुपया नाही! 10 टन बेदाणा 150 रुपयांनी धरला तरी 15 लाख झाले, वर कोल्ड स्टोरेजचं भाडं, बॉक्स, मजुरी, आणि दुकानदार पैसे देणार महिना-दीड महिन्याने. म्हणून खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) त्याच फाईलमध्ये मागा, नंतर मागायला गेलं की नव्याने सगळं सुरू होतं. माझं मत विचाराल तर पहिला सीझन दुसऱ्यांचा माल मजुरीवर ग्रेडिंग करून द्या, त्यात मशीनचा अंदाज येतो आणि हप्ताही निघतो.

कागदं सांगतो. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, जागेचा सातबारा आणि आठ अ, जागा दुसऱ्याची असेल तर रजिस्टर भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, मशीनची कोटेशन, प्रकल्प अहवाल. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी फुकट आहे, घरबसल्या होते. फूड लायसन्स लागणारच.

कोटेशन घेताना घाई करू नका. ताशी किती किलो, मोटर किती एचपी, मालाला लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा आहे का, जीएसटी आणि पोचवायचं भाडं धरून किंमत किती, बिघडलं तर माणूस किती दिवसात येणार, हे सगळं कोटेशनवर लिहून पाहिजे. शक्य असेल तर तुमचाच 2-3 पेट्या बेदाणा घेऊन जा आणि मशीनवर चालवून बघा, दाणा फुटतो का, काडी राहते का ते डोळ्याने दिसतं. आणि महावितरणकडून थ्री फेजचं लोड मिळतंय का ते मशीन ठरवायच्या आधी विचारा, वस्तीवर जागा असेल तर नवीन डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो आणि तो अहवालात नसेल तर सगळं गणित बिघडतं.

मंजुरीच्या आधी स्वतःच्या पैशाने मशीन उचलू नका, कर्जातून न घेतलेल्या मशीनवर अनुदान मागायला जागा राहत नाही.

अर्ज ऑनलाइन आहे पण एकट्याने भरत बसू नका, प्रत्येक जिल्ह्यात यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, नाव-नंबर कृषी कार्यालयात मिळतात. अहवाल बनवणं, बँकेत पाठपुरावा, फूड लायसन्स, सगळ्यात ते मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. त्यामुळे कुणी "फाईल पास करून देतो, एवढे टक्के द्या" म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

गट असेल तर दारं अजून आहेत. बचत गटाला याच योजनेत प्रति सदस्य 40 हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, गावच्या ताईंनी बेदाणा पॅकिंग किंवा हळद पावडर करायची असेल तर ह्याचा जरूर विचार करावा. शेतकरी कंपनीला सामाईक सुविधेसाठी 35 टक्के आहे, शिवाय जागतिक बँकेच्या मदतीचा स्मार्ट प्रकल्प आहे ज्यात 60 टक्क्यांपर्यंत अनुदान, त्याचे अर्ज चालू आहेत का ते कृषी खात्याच्या आत्मा कार्यालयात विचारा. कोल्ड स्टोरेज, वखार असं मोठं काम असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधी बघा, तिथं अनुदान नाही पण 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत 7 वर्षांपर्यंत मिळते, आणि ती दुसऱ्या अनुदानाबरोबर जोडता येते. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, बँकेत आपणहून विचारावं लागतं.

मंजुरी आली की प्रत्येक पैसा बँकेतूनच द्या, पक्की बिलं जपून ठेवा, मशीनचा नंबर दिसेल असे फोटो काढा, तपासणीला हेच मागतात.

वेळेचं बघा. बेदाणा वाळवायची शेड फेब्रुवारीपासून भरायला लागतात, मार्च-एप्रिलला नवीन माल हातात. म्हणजे मशीन जानेवारीत बसून चाचणी व्हायला पाहिजे, ऑर्डर दिवाळीच्या आसपास जायला पाहिजे, आणि बँकेचा वेळ धरला तर फाईल पावसाळा संपायच्या आत मॅनेजरच्या टेबलावर पाहिजे. या आठवड्यात सिबिल आणि सातबारा काढा, पुढच्या आठवड्यात कृषी कार्यालय गाठा.