अपडेटनंतर जीपीएस मेमरी कार्डवरचे नकाशे दाखवेना : माझा अनुभव

हातातल्या जीपीएसचं फर्मवेअर (यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि कार्डवरचे नकाशे गायब झाले. स्क्रीनवर फक्त मूळचा ढोबळ नकाशा, ठळक रस्ते तेवढे. गंमत म्हणजे संगणकाला जोडलं की कार्ड आणि त्यावरच्या फाइल्स व्यवस्थित दिसायच्या. रीसेट, कार्ड पुसून परत बसवणं, नकाशे पुन्हा कॉपी करणं, सगळं करून झालं. डोकं पार उठलं.

शेवटी चाललं ते असं. यंत्र बंद करून बॅटरी काढली, कार्ड काढून संगणकाच्या कार्ड रीडरमध्ये घातलं. कार्डवरचं सगळं संगणकावर उतरवलं. मग कार्ड एफएटी३२ (कार्डवर फाइल्स मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलं. आधी ते एक्सएफएटी, म्हणजे त्यानंतरच्या नव्या पद्धतीचं होतं. ३२ जीबीच्या वरची कार्डं बहुधा तशीच येतात आणि हातातली बरीच जीपीएस यंत्रं ती वाचत नाहीत. त्यानंतर नकाशांचा फोल्डर मूळ नावानेच बनवून त्यात एकच नकाशा टाकला. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा मोठा नकाशा तुकड्यांत घ्यावा लागतो. कार्ड संगणकातून ‘इजेक्ट’ करूनच काढलं, बंद यंत्रात बसवलं, यंत्र सुरू केलं. तरी नकाशा दिसेना! सेटिंगमध्ये नकाशांची यादी उघडली, तर तो तिथे होता, पण बंद. चालू केला आणि पायवाटा, कंटूर (समान उंचीच्या रेषा) सगळं उमटलं. बाकीचे नकाशे मग एकेक करून चढवले.

एक सावधगिरी : नकाशा भरूनच विकत मिळालेलं कार्ड फॉरमॅट करू नका. त्यातला नकाशा बरेचदा त्याच कार्डाला कुलूपबंद असतो.