चक्रांग की भुवई बदक? ओळखताना या चुका टाळा

हिवाळ्यात कोल्हापूर परिसरातील तलावांवर पाणपक्ष्यांची नोंद घेणाऱ्यांना सर्वांत जास्त चकवणारी जोडी म्हणजे चक्रांग बदक (कॉमन टील) आणि भुवई बदक (गार्गनी). विणीच्या पिसाऱ्यातील नरांबद्दल शंका उरत नाही. चक्रांग नराचे डोके तांबूस-तपकिरी असून डोळ्यामागे हिरवा पट्टा असतो आणि शेपटीखाली पिवळसर त्रिकोण दिसतो, तर भुवई नराच्या गडद डोक्यावर मानेपर्यंत उतरणारी ठळक पांढरी भुवई असते. घोटाळा होतो तो तपकिरी, ठिपकेदार पक्ष्यांच्या बाबतीत, आणि हंगामाच्या पहिल्या काही महिन्यांत समोर बहुतेक असेच पक्षी असतात.

त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक तपकिरी पक्ष्याला मादी समजणे. वीण संपल्यावर दोन्ही जातींचे नर पिसे झडून मादीसारखे दिसू लागतात. चक्रांग नर साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पुन्हा रंगीत होतात. भुवई बदकांचे नर मात्र हा मादीसारखा पिसारा हिवाळ्यात बराच काळ टिकवतात आणि त्यांपैकी अनेकांची पांढरी भुवई फेब्रुवारीच्या सुमारास स्पष्ट होते. ही बदके आपल्याकडे लवकर, काही वेळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, येऊ लागतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये एकही पांढरी भुवई दिसली नाही, एवढ्यावरून ‘भुवई बदके नाहीत’ किंवा ‘सगळ्या माद्याच आहेत’ असे लिहिणे चुकीचे ठरते. अशा नराची खरी खूण पंखावर असते. त्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी असतो आणि पिसारा कोणताही असला तरी तो रंग टिकून राहतो, त्यामुळे पक्षी उडेपर्यंत किंवा पंख ताणेपर्यंत थांबणे फायद्याचे असते.

दुसरी चूक आकारावर विसंबण्याची. चक्रांगाची लांबी साधारण ३४ ते ३८ सेंटिमीटर, तर भुवई बदकाची ३७ ते ४१ सेंटिमीटर असते. तलावाच्या पलीकडच्या काठावरचा हा फरक दुर्बिणीतून मोजता येत नाही, आणि शेजारी साठ सेंटिमीटरचे हळदी-कुंकू बदक असेल तर दोन्ही जाती सारख्याच चिमुकल्या वाटतात.

खरा वेळ चेहऱ्यावर खर्च करावा. भुवई मादीचा चेहरा पट्टेदार असतो: डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून जाणारी गडद रेघ, तिच्याखाली पुन्हा फिकट पट्टा आणि गालावर आणखी एक गडद रेघ. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो आणि गळा पांढुरका दिसतो. चक्रांग मादीलाही पुसट भुवई व डोळ्यातून जाणारी रेघ असते, पण तिचा गाल त्यामानाने सपाट, एकसारखा असतो. केवळ ‘भुवई दिसली’ म्हणून निर्णय देणारे इथेच फसतात. पाहायची असते ती गालावरची दुसरी रेघ. यानंतर नजर शेपटीच्या बुंध्याकडे न्यावी. तिथे बाजूला फिकट, आडवी रेघ दिसली तर पक्षी बहुधा चक्रांगच असतो, कारण भुवई बदकात ती नसते. चक्रांगाची चोच लहान असून मादीत तिच्या मुळाशी अनेकदा पिवळसर-नारिंगी छटा असते, तर भुवई बदकाची चोच थोडी लांब आणि पूर्ण गडद राखाडी असते.

उडताना चक्रांगाच्या पंखावरचा हिरवा पट्टा चमकतो आणि त्याच्या पुढची पांढरी कड मागच्या कडेपेक्षा रुंद असते. भुवई मादीत हा पट्टा मळकट असतो आणि मागची पांढरी कड अधिक उठून दिसते. भुवई बदकाला आता चक्रांगाच्या ॲनास प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) न ठेवता थापट्या बदकासोबत स्पॅच्युला प्रजातीत ठेवले जाते, त्यामुळे भुवई आणि थापट्या नरांच्या पंखावरील निळसर रंगाचे साम्य सहज समजते.

उजेडाकडे दुर्लक्ष करणे ही आपल्या शहरातील विशेष अडचण आहे. रंकाळा तलावाच्या चौपाटीवरून संध्याकाळी पश्चिमेकडे पाहिले की सूर्य समोर येतो, पक्षी काळे दिसतात आणि गालावरच्या रेघा पूर्ण हरवतात. त्या काठावरून पाहायचे असेल तर सकाळी, सूर्य पाठीशी असताना जावे. केंदाळाच्या आड अर्धवट दिसणाऱ्या पक्ष्यावर घाईने शिक्का मारू नये.

सोबतीवरूनही जात ठरवू नये, कारण या दोन जाती एकाच थव्यात मिसळून बसतात. आवाज मात्र मदतीला येतो: चक्रांग नर बारीक, स्वच्छ शीळ घालतो, तर भुवई नराचा आवाज कोरडा, लाकडी खुळखुळ्यासारखा येतो.

इतके करूनही खात्री झाली नाही, तर नोंदीत ‘चक्रांग किंवा भुवई बदक’ असेच लिहावे आणि संख्या वेगळी ठेवावी. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेसाठी आकडे देताना अशा पक्ष्यांना अंदाजाने दोन्ही जातींत वाटून टाकणे टाळावे, कारण नंतर ती चूक कोणालाही दुरुस्त करता येत नाही. शक्य असल्यास पंख ताणलेल्या क्षणाचे आणि चेहऱ्याचे अशी दोन छायाचित्रे नोंदीसोबत जोडावीत.